गाडी दाखवताना

आमचं लग्न ठरलं तेव्हा मध्यस्थांनी माझ्या वडिलांना सांगितलं होतं की मुलगा वाहतूक व्यवसायात आहे. यात खोटं काही नव्हतं. मुलगा ट्रेलर चालवत होता. माझे वडील बुधवार पेठेतले, आयुष्य पुस्तकांच्या दुकानात काढलेले. त्यांना वाटलं, कुठेतरी टेबल-खुर्ची असेल, फोन असेल, डोक्यावर पंखा असेल. साखरपुड्याच्या दिवशी नवरदेव थेट बंदरावरून आला आणि हात धुवायला मोरीत गेला तो बाहेरच येईना. नखांतलं काळं निघत नव्हतं. तेव्हा कुठे वडिलांच्या डोक्यात प्रकाश पडला. पण तोपर्यंत मला तो आवडून गेला होता, त्यामुळे वडिलांचा नाइलाज झाला.

तेव्हापासून आमच्या घरातलं सगळं गाडीने ठरवलं. घर वाघोलीत घेतलं, कारण नवरा ज्यांच्याकडे नोकरीला होता त्या शेठचा गाड्या लावायचा तळ नगर रस्त्याला होता. माझी शाळा मात्र शहरात, मंडईच्या अलीकडे. म्हणजे पेठेत जन्मलेली मी रोज बसमध्ये उभी राहून पेठेत नोकरीला जायची आणि परत उभी राहून वाघोलीत यायची, जिथे पाणी टँकरने येतं आणि टँकर त्याच्या मर्जीने येतो. मुलगी झाली तेव्हा नवरा हुबळीच्या पुढे कुठेतरी होता. तिचा दहावीचा निकाल लागला तेव्हा टोलनाक्यावर अडकला होता. आता ती नोकरीसाठी बंगळूरला असते आणि वडिलांना माझ्यापेक्षा जास्त वेळा भेटते, कारण तो त्या वाटेने जातो. मी मुकाट्याने सोसलं असं कुणी समजू नये. मी भरपूर तक्रार केली. उपयोग झाला नाही, एवढंच.

गेल्या पावसाळ्यात शेठनी धंदा आवरायला घेतला. वय झालं होतं, मुलं या धंद्यात यायला तयार नव्हती. एकेक करून गाड्या विकायला काढल्या. नवरा जी चालवायचा ती सगळ्यात जुनी, पण सगळ्यात धडधाकट. इतकी वर्षं ती एकाच्याच हातात होती. या धंद्यात असं होत नाही. ड्रायव्हर बदलतात, गाडी ज्याच्या त्याच्या हाताने झिजते.

एका संध्याकाळी मी भाजी निवडत होते तेव्हा नवरा म्हणाला, "आपण घ्यायची का?"

"काय?"

"गाडी."

मी हातातली मेथी खाली ठेवली. एवढी जुनी गाडी, जिला बँक दारात उभी करणार नाही, जिचं आरटीओचं पासिंग दर वेळी नव्याने धडकी भरवणार, जी सरकार उद्या भंगारात काढा म्हणालं तर काढावी लागेल, ती आपण घ्यायची? मी एवढं सगळं बोलले आणि वर हेही बोलले की ज्या गाडीने माझा संसार नेला ती आता मी विकत आणायची काय, दारात तोरण बांधून?

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आपली झाली की तिच्यावर एक ड्रायव्हर ठेवू. मी भाडी बघेन, फोनवर. घरीच असेन. सकाळी तुला शाळेत सोडायला येत जाईन."

या शेवटच्या वाक्यावर मी विरघळले. मला कबूल करायला लाज वाटत नाही. नगर रस्त्याच्या गर्दीत स्कूटरवर मागे बसून, हेल्मेटमधून एकमेकांशी ओरडून बोलत शाळेत जाणं, याच्याहून मोठं सुख मी त्या घडीला मागितलं नसतं. त्या क्षणापासून ती गाडी म्हणजे माझा नवरा घरी आणायचा रस्ता झाली. गाडी मिळाली तर नवरा घरी, नाही मिळाली तर तो कुठल्या तरी परक्या माणसाची गाडी घेऊन आणखी कुठेतरी.

आता मी शिक्षक असल्यामुळे कुठलीही गोष्ट अभ्यास केल्याशिवाय घेत नाही. पतसंस्थेत कर्जाची चौकशी केली. मग गाडीची परीक्षा घ्यायला बसले. परीक्षार्थी अर्थात नवरा.

"क्लच कसा आहे?"

"चांगलाय."

"टायर?"

"चालतील अजून."

"इंजिन?"

"इंजिनाचं काही विचारूच नकोस."

"का? काय झालंय?"

"काही नाही. उत्तम आहे म्हणून म्हटलं."

"अहो, मग वाईट काय आहे ते सांगा ना! जुनी गाडी आहे, काहीतरी वाईट असेलच."

त्याने खरोखर विचार केला. बराच वेळ केला. मग म्हणाला, "डावीकडची काच खाली करताना थोडा जोर लावायला लागतो."

मी कपाळावर हात मारून घेतला. ज्या माणसाला गाडीची नस अन् नस माहीत आहे, त्याच्याकडून तिचं एक वैगुण्य काढता येत नव्हतं. शेवटी मी माझ्या भावाला बोलावलं. तो आयटीत आहे. येताना मोबाइलवर जुनी गाडी कशी तपासावी याचे व्हिडिओ पाहून आला होता. तळावर जाऊन तो टॉर्च घेऊन गाडीखाली वाकला आणि वाकल्या वाकल्या ओरडला, "ताई, चेसीला वेल्डिंग आहे! क्रॅक गेला असणार!"

नवरा म्हणाला, "क्रॅक नाही. पट्टी मारून घेतलीय, मजबुतीसाठी. मीच उभा राहून मारून घेतली."

"पण डॉक्युमेंटेड नाहीये ना ते, दाजी."

नवऱ्याने त्याच्याकडे असं पाहिलं की भाऊ उठून उभा राहिला आणि पँटचे गुडघे झटकायला लागला. रात्री जेवताना नवरा फक्त एवढंच म्हणाला की त्याला परत बोलावू नकोस.

भाव करायचा प्रसंग तर विचारू नका. शेठसमोर नवरा तोंड उघडेना. इतकी वर्षं ज्यांच्याकडून पगार घेतला त्यांना 'कमी करा' कसं म्हणायचं? मग मीच बोलले. तळाच्या टपरीबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही तिघं बसलो होतो. मी म्हटलं, गाडी जुनी आहे, शेठ, बाजारात एवढ्याला कोण घेईल?

शेठ हसले. "बाई, जुनी हाय पर बघा की कशी ठेवलीय. अशी गाडी नगर रस्त्याला दुसरी दावा. ही एवढी चांगली हाय ती कुणामुळं? ह्यांच्यामुळंच की. मग किंमत कशी कमी करू?"

"म्हणजे यांनी जपली, म्हणून यांनीच जास्त पैसे द्यायचे?"

"बराबर."

"आणि यांनी वाट लावली असती तर स्वस्तात मिळाली असती?"

"बराबर," शेठ म्हणाले आणि त्यांनी नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली. नवरा लाजला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता आणि हा लाजत होता, जणू बक्षीस समारंभ चाललाय.

तरी मी सोडलं नाही. घासाघीस करून करून शेठना बऱ्यापैकी खाली आणलं. शब्द झाला. फक्त अडचण एक होती, गणपती नुकतेच गेले होते आणि पितृपंधरवडा लागला होता. शेठ म्हणाले, पंधरवड्यात मी व्यवहार करत नाय, घटस्थापनेला सकाळी या, पेढे घेऊन या, चावी देतो. मीही म्हटलं, बरं. आमच्या घरात पंधरवड्यात साधी चादर विकत घेत नाहीत, तिथे ट्रेलर कुठला घेणार. शिवाय शब्द झाला होता. उठता उठता शेठ नवऱ्याला म्हणाले, "तोवर कुणी बघायला आलं तर दावत जा. तोंडावर नाय म्हणता येत नाय."

माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. मी नवऱ्याला घरी येईपर्यंत समजावत होते, की हे बघा, कुणी आलंच तर चावी सापडत नाही म्हणा, बॅटरी उतरलीय म्हणा. फार तर चालू करा आणि गप्प उभे राहा. तो हो हो म्हणत होता. त्याचं हो हो मला माहीत होतं, पण त्या वेळी मी त्यावर विश्वास ठेवला.

पंधरवड्यातल्या एका रविवारी मी त्याच्याबरोबर तळावर गेले. डबा घेऊन गेले होते, मुद्दाम. मनात म्हटलं, आता आपलीच होणार आहे, जरा केबिनमध्ये बसून बघू. आम्ही पोचलो तर तिथे एक गिऱ्हाईक उभं. चाकणकडचा तरुण मुलगा, मनगटात जाड कडं, डोळ्यांवर गॉगल. त्याच्या दोन गाड्या आधीच होत्या, तिसरी हवी होती. मी हळूच म्हटलं, "पंधरवडा चालू आहे." तो म्हणाला, "वहिनी, सेकंडहँड गाडीला कसला पंधरवडा? आणि आज फक्त बघणार आहे."

मी नवऱ्याला खूण केली. गप्प राहा. त्याने मान डोलावली.

त्या मुलाने गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ मारली आणि म्हणाला, "दम नाही वाटत. बाहेरून चमकवलीय नुसती. आतून खलास असणार."

बस. एवढंच पुरलं. मी नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि मला कळलं, गेलं सगळं.

"इकडे या," तो म्हणाला. "हात लावून बघा इंजिनाला."

या धंद्यात गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन चालू करून गरम करून ठेवतात, म्हणजे लगेच स्टार्ट होतं आणि आजारपण झाकलं जातं. नवऱ्याने ते केलं नव्हतं. त्या मुलाने इंजिनावर हात ठेवला. थंडगार. नवरा केबिनमध्ये चढला आणि एका हिसक्यात गाडी चालू केली. मग खाली उतरून तेल घालायचं झाकण उघडलं आणि त्या मुलाला म्हणाला, हात धरा वर, धूर येतोय का बघा. येत नव्हता, म्हणजे इंजिन आतून ठणठणीत. मग त्याला गाडीखाली नेलं. ती वेल्डिंगची पट्टी, जी माझ्या भावाला सापडली तेव्हा याने दोन वाक्यांत विषय संपवला होता, ती आपणहून दाखवली आणि का मारली, कुठे मारली, कुठल्या वळणावर लोड सरकला होता, सगळं सांगितलं. स्प्रिंगचे पाटे दाखवले. गिअर टाकून दाखवले. मी मागे उभी राहून त्याचा शर्ट ओढत होते. एकदा पायावर पाय दिला. त्याने पाय बाजूला घेतला आणि पुढे बोलत राहिला.

"अहो, भूक लागलीय," मी मोठ्याने म्हटलं.

"तू बस जेवायला. मी यांना एक चक्कर मारून आणतो."

आणि ते दोघं गाडी घेऊन गेले. मी त्या तळावर, ऑइल सांडलेल्या मातीत, डब्याची पिशवी घेऊन उभी राहिले. मी आयुष्यात इतकी चिडले नव्हते. माणूस स्वतःच्या घराला गिऱ्हाईक आणतो का? ते परत आले तेव्हा तो मुलगा गॉगल कपाळावर चढवून नवऱ्याशी अगदी आदराने बोलत होता. काका म्हणत होता. जाताना मलाही नमस्कार केला.

घरी मी आकाशपाताळ एक केलं. तो म्हणाला, "तो खोटं बोलत होता गाडीबद्दल. मी ऐकून घ्यायचं?"

"हो! ऐकूनच घ्यायचं! आपल्याला घ्यायचीय ना ती?"

"शब्द झालाय शेठशी. तू उगाच घाबरतेस."

घटस्थापनेला सकाळी मी शाळेतून रजा घेतली होती. पेढ्यांचा पुडा, नारळ, हार, सगळं घेऊन तळावर गेलो. गाडी जागेवर होती. तिच्या कपाळाला आधीच झेंडूचा हार होता. मला वाटलं, शेठनी आमच्यासाठी घातला. नवऱ्यालाही तसंच वाटलं असावं, कारण तो हसला.

शेठ टपरीतून बाहेर आले. आमच्या हातातला हार बघून ते गोंधळले. म्हणाले, "तुम्ही? गाडी तर दिली की चाकणवाल्याला. पहाटेच येऊन हार घालून गेला."

सुचेल ते सगळं मी बोलले. शब्द म्हणजे काय, वय काय तुमचं, पंधरवडा पाळणारी माणसं अशी वागतात का. शेठनी मान खाली घालून ऐकलं. मग म्हणाले, "बाई, मी शब्द मोडला न्हाय. मला वाटलं तुम्हीच विचार बदलला. तो पोरगा सांगत होता ह्यांनी गाडी कशी दावली. थंड इंजिनावर हात ठेवायला लावला, पट्टी दावली, चक्कर मारून आणली. ज्याला गाडी घ्यायची हाय तो माणूस अशी दावतो का? मी ह्यांना फोनवर ईचारलं बी, की पोरगा मागतोय, देऊ का? हे म्हणले, बघा तुम्हाला काय वाटतंय ते."

मी नवऱ्याकडे वळले. तो गाडीकडे बघत होता.

"अहो, तुम्ही असं म्हणालात?"

त्याने नारळ या हातातून त्या हातात घेतला. पेढ्यांचा पुडा शेठच्या हातात देऊन मी रिक्षात जाऊन बसले. नारळ नवऱ्याच्या हातातच राहिला.

घरी आल्यावर मी पंख्याखाली बसले, चपलासुद्धा काढल्या नाहीत. तो आत आला, नारळ ओट्यावर ठेवला आणि समोर बसला. म्हणाला, "त्या पोराला ड्रायव्हर हवाय. गाडीची सवय असलेला. म्हणाला, काका, तुम्ही असाल तरच घेतो."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"हो म्हटलं."

"कधी?"

"त्याच दिवशी. चक्कर मारताना."

म्हणजे त्या रविवारी, मी डब्याची पिशवी घेऊन उन्हात उभी होते तेव्हाच सगळं ठरलं होतं. त्यानंतर घरी येऊन हा मला शब्दाच्या गोष्टी सांगत होता, आणि मी पतसंस्थेतून कर्ज मंजूर करून आणलं होतं. मला रडू आलं. रागाचं रडू. मी विचारलं, मग मला कशाला सांगितलंत, ड्रायव्हर ठेवू, घरी राहीन, शाळेत सोडेन? कशाला?

"तेव्हा खरंच वाटत होतं," तो म्हणाला. "आपण घेतली असती तर ती दुसऱ्याच्या हातात द्यावी लागली असती. मी इथं बसून फोनवर विचारणार, कुठं पोचलास, क्लच दाबून ठेवू नकोस. जमलं नसतं मला."

"घरी राहणं जमलं नसतं?"

तो नखांकडे बघत होता. मग अगदी साध्या आवाजात, चिडून नाही, म्हणाला, "मी दोन दिवस घरी राहिलो की तू विचारतेस, कधी निघणार. लग्न झाल्यापासून विचारतेस. मला वाटतं, तुलाही माझी सवय नाही."

मी ते पोळ्यांसाठी विचारायची. डब्यात किती द्यायच्या, कणीक किती भिजवायची, लोणचं पाठवायचं की चटणी, ते ठरवायला. दर वेळी त्याच कारणासाठी विचारायची. तो जाऊ नये असं वाटत असतानाच विचारायची. पण आमच्या इतक्या वर्षांत मी हे कधी बोलून दाखवलं नव्हतं आणि त्याने कधी विचारलं नव्हतं, आणि आता सांगून तरी काय होणार होतं? गाडी विकली गेली होती. ड्रायव्हर ठरला होता.

तो उठून बॅग भरायला लागला. मी चपला काढून स्वयंपाकघरात गेले. परात घेतली, पिठाचा डबा काढला. किती घ्यायचं ते कळेना. मी दाराशी येऊन त्याच्या पाठीकडे बघत उभी राहिले आणि प्रश्न ओठांवर आला होता तो तसाच गिळला. मग परत आले आणि डब्यात होतं ते सगळं पीठ परातीत ओतलं.